बेचिराख : यात राख कुठून आली?

प्रश्न : 'स्थलांतरितांच्या लोंढ्यांमुळे युरोप बेचिराख होण्याची भीती' असं वाक्य एका बातमीत वाचलं. माणसांना 'लोंढा' म्हणणं योग्य आहे का? त्याऐवजी 'ओघ' चालेल का?

चालेल. 'लोंढा' म्हणजे पुराच्या पाण्याचा जोर, हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वेळ घालवत नाही. फक्त हा शब्द आपण कुणासाठी राखून ठेवलाय ते बघा. देणग्यांचा ओघ असतो, पर्यटकांचाही ओघच असतो, देवळात दर्शनाला रीघ लागते, गणपतीला चाकरमानी 'दाखल होतात'. लोंढे तेवढे गरिबांचे. 'अमेरिकेत मराठी इंजिनियरांचे लोंढे' असा मथळा माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यापेक्षा आकडा द्यावा. २०१५ साली जर्मनीत आश्रय मागायला सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आली. एवढं लिहिलं की पुराची उपमा लागत नाही. (बेळगावकडे लोंढा नावाचं जंक्शन आहे. तिथं माझी गाडी इतकी रखडलीय, की त्या शब्दातला वेग माझ्यापुरता तरी संपला.)

युरोपातही नावांची हीच गंमत आहे. चौथ्या-पाचव्या शतकात गॉथ, व्हँडल वगैरे टोळ्या रोमन साम्राज्यात शिरल्या. त्या घडामोडीला जर्मन भाषेत जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ 'जनसमूहांची भटकंती' असा होतो, फ्रेंचमध्ये रूढ झालेल्याचा 'रानट्यांच्या स्वाऱ्या' असा. घटना एकच. आणि फ्रान्सचं नाव पडलंय ते फ्रँक नावाच्या टोळीवरून, जी त्याच रानट्यांपैकी!

असो. तुम्ही लोंढ्यापाशी अडखळलात आणि पुढचाच शब्द बिनतक्रार गिळलात, याचं मला जास्त वाईट वाटलं. बेचिराख! बॉम्बस्फोटात इमारत बेचिराख, वणव्यात डोंगर बेचिराख, परवा एका वाहिनीवर शॉर्टसर्किटनं फर्निचरचं दुकान बेचिराख झालं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं राख असते. शब्दात ती औषधालाही नाही. फारसी 'बे' म्हणजे वाचून, विना. बेफिकीर, बेकायदा यांतला. आणि 'चिराग' म्हणजे दिवा. बे-चिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. ओसाड, निर्मनुष्य. जळालेलं असेलच असं नाही.

यावर विद्वान सांगतात, की 'राख' या शब्दाच्या ओढीनं 'ग'चा 'ख' झाला, म्हणजे राख जन्मापासून नसली तरी बारशाला हजर होती. पटत नाही. 'दिमाग'चा मराठीत 'दिमाख' झाला, तो कुठल्या राखेमुळं? दिमाखात काय माख आहे का? फारसीतला शेवटचा घशातला 'ग' मराठी कानाला कधी 'ग' लागला, कधी 'ख'. आधी उच्चार बदलला आणि मग त्या उच्चारात लोकांना राख दिसू लागली, हा क्रम आहे.

दुसरा आक्षेप पुण्याचा. आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळून बेचिराख केलं ना? केलं. पण परंपरा नुसती जाळलं म्हणून थांबत नाही. गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, असं सांगते. जाळलेलं गाव चार महिन्यांत पुन्हा शाकारता येतं. नांगर फिरवायचा तो इथं परत कुणी चूल मांडू नये म्हणून. त्या गोष्टीतलं बेचिराख होणं आहे ते या नांगरात.

महसुलाच्या भाषेत हा शब्द अजून मूळ अर्थानं जिवंत आहे. 'बेचिराग गाव' म्हणजे ज्याला नाव आहे, शीव आहे, सर्व्हे नंबर आहेत, ज्याचे सातबारे निघतात, पण जिथं वस्ती नाही. कागदावर सगळं जागच्या जागी, फक्त तिन्हीसांजेला दिवा नाही. कारकुनी शब्दात इतकं काव्य मला दुसरीकडं सापडलेलं नाही.

याचा जोडीदार म्हणजे 'परागंदा'. यात संस्कृत 'परा' शोधणारे भेटतात. सरळ फारसी 'परागंदा' आहे, अर्थ विखुरलेला. रयत परागंदा झाली, की गाव बेचिराग. राज्य बुडण्याची जुनी भीती ही अशी होती : माणसं निघून जातील. आणि उपाय होता माणसं आणण्याचा. कौल, म्हणजे अभयाचं लेखी वचन, द्यायचा, इस्ताव्यानं जमीन लावायची, म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र आणि पुढं वर्षागणिक चढता. बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्याला 'उपरी' म्हणत, जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला तो मिरासदार. आज शिवीसारखा वापरला जाणारा 'उपरा' याच घरातला असावा असं माझं मत आहे.

तेव्हा येणाऱ्या माणसांमुळं देश बेचिराख होईल, हे वाक्य 'पाहुण्यांच्या गर्दीनं घर ओस पडलं' या जातीचं झालं. येणाऱ्यांबद्दल ज्याला जे भय वाटायचं ते वाटो, त्यासाठी दुसरा शब्द शोधा. युरोपात हा शब्द शोभेल तो बल्गेरियाला. १९८९च्या सुमारास तिथं ९० लाखांच्या जवळपास माणसं होती, २०२१च्या जनगणनेत ६५ लाख भरली. पोटासाठी पश्चिमेकडं गेलेली आणि जन्मालाच न आलेली, दोन्ही मिळून. आपल्याकडं २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. वाडीत चार घरं सोडून पाचव्याला कुलूप, हे बघायला जनगणनाही लागत नाही.

राजापूर तालुक्यात माझ्या मामांचं घर आहे. मामा-मामी आता डोंबिवलीला असतात. घरी देवापुढं आणि तुळशीपाशी रोज दिवा लागला पाहिजे हा मामींचा हट्ट, म्हणून कलमांच्या बागेत राखणीला असलेल्या गुरख्याला वरचे तीनशे रुपये ठरवून दिलेत. माणूस नेपाळचा, सहा वर्षं तिथंच आहे. साडेसातला मामांचा फोन जातो, तो म्हणतो, "बत्ती लगाया." (बत्ती आणि आपली वात या सख्ख्या बहिणी, दोघी 'वर्ति'च्या. पण ते पुन्हा कधी तरी.) फोन ठेवला की मामा युरोप कसा बुडाला याचे व्हिडिओ मला पाठवतात.

गेल्या मे महिन्यात मामेभावानं तुळशीपाशी टायमरवर चालणारा एलईडी बल्ब लावला, आणि हा 'चिराग' धरायचा की नाही हा प्रश्न जाणकार म्हणून माझ्यापुढं आला. मी म्हटलं, इराणात वाहतुकीच्या सिग्नललासुद्धा चिरागच म्हणतात, तेव्हा भाषेची काही हरकत नाही. मामींनी इराण मानला नाही. बल्ब काढायला लावला आणि गुरख्याचे शंभर रुपये वाढवले.