'गटारातली नोकरी' आणि फिटर मुलगा

गुहागरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा आयटीआय फिटर, ७१ टक्के. जवळच्या सांडपाणी प्रकल्पात ग्रिट युनिटवर (सांडपाण्यातली वाळू वेगळी करणारा भाग) ऑपरेटर म्हणून त्याला बोलावलंय. वडील लिहितात, "गटारात उतरणार म्हटल्यावर वाडीत तोंड कसं दाखवू? त्याला बीएस्सीला घालतोय, तुम्हीच समजवा."

समजवायचं तर तुम्हालाच. पत्रात वाडी आहे, भावकी आहे, लग्नाची काळजी आहे; मुलाला काय हवंय ते कुठेच नाही. हाताला वळण लागलेल्या पोराला नावडीच्या पदवीत तीन वर्षं डांबणं हा अन्याय आहे. पुढे शिकायचंच असेल, तर दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

आणि ऑपरेटर गटारात उतरत नाही. तो पाण्याचा वेग सांभाळतो. चॅनेलमध्ये वेग सेकंदाला साधारण ०.३ मीटर ठेवला की वाळू खाली बसते आणि हलकी घाण पुढे जाते. वेग वाढला तर वाळू पुढे जाऊन पंपाचे इम्पेलर (आतली फिरती पाती) झिजवते, एरेशन टाकीच्या, म्हणजे हवा सोडायच्या टाकीच्या, तळाशी साचते. कमी झाला तर घाणही वाळूसोबत बसते. वाळू धुऊन वर काढणाऱ्या क्लासिफायरच्या स्क्रूवरून पडणारी वाळू करडी, मोकळी हवी. काळी, चिकट, वास मारणारी आली तर वेग किंवा धुण्याचं पाणी तपासायचं. कोकणात पहिल्या पावसात जांभ्याची लाल माती नि रस्त्यावरची वाळू एकदम येते. अशा वेळी तळाची वाळू ओढणारा स्क्रॅपर रात्रभर बंद राहिला तर वाळू घट्ट बसते आणि सकाळी चालू करताच मोटर ट्रिप होते किंवा शिअर पिन (जादा भार आला की यंत्र वाचवायला तुटणारी खीळ) तुटते. पुन्हापुन्हा रीसेट दाबला तर गिअरबॉक्स जातो; आधी टाकी रिकामी करून पाण्याच्या जेटने वाळू सैल करावी लागते. स्क्रूचं खालचं बेअरिंग, साखळीचा ताण, ग्रीसिंग ही सगळी फिटरचीच कामं.

काळजी करायचीच असेल तर गॅसची करा. साचलेल्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नये. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलासोबत जाऊन ठेकेदाराला विचारा: गॅस मीटर आहे का, दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप लागतं का, नेमणूकपत्र आणि पीएफ मिळणार का? उत्तरं गुळमुळीत आली तर ही जागा सोडा, पण बीएस्सीचा फॉर्म भरू नका; दुसरा प्लांट शोधा.