‘चर्चमधून सामान घेतलं तर मिंधं व्हावं लागतं का?’

‘ताई, तिथून सामान घेतलं तर पुढं काही करावं लागतं का?’ हा प्रश्न मला इतक्या आयांनी विचारलाय की समोरची बाई पदर सावरून जराशी पुढे सरकली, आवाज उतरवला, की मी ओळखते. कोणी नवऱ्याचं नाव पुढे करते: ‘ह्यांना आवडत नाही.’ कोणी शेजारणीचं: ‘ती म्हणते, नाव लिहून घेतात.’ एकीने तर बाळाला मांडीवर घट्ट धरून सरळच विचारलं होतं, ‘ह्याच्या डोक्यावर पाणी तर नाही ना घालणार?’

मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी आठवड्यातली एक दुपार समुपदेशनासाठी बसते. तिथे महिन्यातून एकदा गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना सामान मिळतं. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, नाचणीचं पीठ, हळीव. बाळाला साबण, झबली, दुपटी. बाळाचं वजनही होतं. पावडरच्या दुधाचा डबा मात्र मिळत नाही, आणि त्यावरून दर वेळी कोणी ना कोणी चिडतं. १९९२ च्या कायद्याने बाळाचं पर्यायी दूध आणि दुधाच्या बाटल्या अशा वाटता येत नाहीत, अपवाद फक्त अनाथालयाचा. कायदा नसता तरी मी वाटू दिला नसता. का, ते पुढे येईलच.

जिची गोष्ट सांगतेय तिने परवानगी दिली आहे. नाव सांगत नाही, ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. वय बाविसच्या आसपास, माहेर-सासर दोन्ही मराठवाड्यातलं, नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते बांधकामाचं काम करणारा. पहिलं बाळ, मुलगा, जन्मताना दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या खालचं म्हणजे जपायचं बाळ. ती एकदा आली, पिशवी घेऊन गेली आणि पुन्हा फिरकलीच नाही. हॉलमधल्या स्वयंसेविका म्हणाल्या, ‘घेतलं आणि गेली, अशाच असतात.’ सिस्टर मात्र तिच्या घरी जाऊन आल्या. फळीवर पावडरचा डबा होता, व्याजाने काढलेल्या पैशांतून आणलेला. तो लवकर संपू नये म्हणून ती त्यात जास्त पाणी घालत होती. बाळ रडत नव्हतं. सिस्टरना त्याचीच काळजी वाटली.

बाळाला आधी डॉक्टरांकडे नेलं, मग ती माझ्याकडे आली.

‘परत का आला नाहीत?’ असं मी विचारलं नाही. असं विचारलं की माणूस कारणं देतं. मी म्हटलं, ‘पिशवी घरी नेल्यावर काय झालं?’

‘सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत घेऊ दिली नाही.’

‘काय म्हणाल्या?’

‘म्हणल्या, बाबासाहेबांनी आपल्याला ५६ सालीच धर्म दिलाय. पिशवीभर डाळीसाठी दुसरा कशाला?’

मला हसू आलं. तीही हसली, आणि मग हळूच खरी गोष्ट बाहेर आली. नाव नोंदवायच्या कागदावर ‘धर्म’ असा रकाना होता. तिने बौद्ध लिहिलं. पण चर्चच्या कागदावर नाव चढलं म्हणजे उद्या पोराचं जातीचं सर्टिफिकेट निघेल का, ही धास्ती घरात बसली होती.

ही धास्ती अडाणीपणाची नाही, हे मी स्वयंसेविकांना पुन्हा पुन्हा सांगते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडावं लागलं, आणि ख्रिस्ती झालेल्याला त्या यादीतली सवलत आजही मिळत नाही. ज्या घराने एका कागदासाठी इतकी वर्षं वाट पाहिली, ते घर रकान्याकडे संशयाने बघणारच. आणि मुंबईला ही शंका नवीन आहे का? पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये इथेच शारदा सदन सुरू केलं, विधवांना शिकवायला. पुढे सदन पुण्याला गेलं आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून इतकं वादळ उठलं की कित्येकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तेव्हापासून आपल्याकडे मदतीच्या ताटाकडे पाहताना लोक आधी वाढणाऱ्याचा हात पाहतात.

म्हणून तिला सरळ माहिती दिली, तीच इथेही देते. सामानाच्या यादीत नाव आलं म्हणून कोणाचा धर्म बदलत नाही. जातीचं प्रमाणपत्र देताना वडिलांकडच्या नोंदी, शाळेचे दाखले बघतात. डाळ कुठून आणली ते विचारत नाहीत. बाप्तिस्मा हा वेगळा, ठरवून केलेला संस्कार आहे. मोठ्या माणसाला त्यासाठी बरेच महिने शिकवणीला बसावं लागतं, आणि लहान बाळासाठी आईवडिलांची, निदान एकाची तरी, संमती लागते. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातच तसं आहे. कोणावर श्रद्धा लादायची नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. फादरना मी हे सगळं तिच्यासमोर विचारलं आणि त्यांनी तिच्यासमोरच उत्तर दिलं. पुढच्या महिन्यात कागदावरचा तो रकानाही गेला. सामान द्यायला धर्म कशाला लागतो, याला कोणाकडे उत्तरच नव्हतं.

तिने सगळं ऐकलं, मान डोलावली, ‘कळलं ताई’ म्हणाली. आणि त्या महिन्यातही सामान न्यायला आली नाही.

माझ्या कामात मला सगळ्यात जास्त रस इथे वाटतो. शंका फिटली तरी पाय उचलत नाही, याचा अर्थ शंकेच्या खाली आणखी काहीतरी आहे. माझं शिक्षण कुटुंबाकडे एकत्र बघणाऱ्या पठडीतलं. इव्हान बोसोर्मेनी-नाज नावाच्या मनोविकारतज्ज्ञांचं मला फार पटतं. जन्माने हंगेरीचे, काम मुख्यतः अमेरिकेत. प्रत्येक घरात देण्याघेण्याची एक न लिहिलेली वही असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते, असं ते मांडत. मी समोरच्या माणसाची वही शोधते.

समुपदेशनाला ती आली की आम्ही पिशवीबद्दल बोलायचोच नाही. बाळाबद्दल बोलायचो, पाण्याच्या वेळेबद्दल, गावाबद्दल. एकदा तिने आत्याचं नाव काढलं. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. ‘चांगलं वाढवलं’, असं म्हणाली आणि थांबली.

‘चांगलं म्हणजे?’

‘जेवायला घातलं. पण जेवताना सांगायची, किती खाल्लंस ते. लग्नात बी सांगितलं सगळ्यांसमोर. आता गावाला गेले की अजून भांडी मलाच पडतात तिथली.’

‘अजून किती फेडायचं राहिलंय?’

‘ते तीच ठरवणार ना, ताई.’

मी पुढे काही बोलले नाही. फुकट मिळालेल्या घासाची किंमत देणारा ठरवतो, तीही मागाहून आणि चारचौघांत, एवढं ती आत्याच्या घरी शिकली होती. अशा माणसाला आपण हसून ‘घ्या हो, फुकट आहे’ म्हणतो तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल? सावकाराचं व्याज तिला परवडत होतं, कारण त्याचा आकडा ठरलेला होता.

मग एके दुपारी तिने स्वतःच विचारलं, ‘त्या पहिल्या पिशवीचे किती झाले?’

हॉलमध्ये हा प्रश्न कोणी विचारला की सगळ्याजणी एका सुरात म्हणतात, ‘अहो, पैसे नाही घ्यायचे!’ मी कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं. ‘तुम्हीच लिहा.’

तिने मन लावून लिहिलं. डाळ दोन किलो, शेंगदाणे, गूळ, नाचणी, हळीव, साबण. आपल्या गल्लीतल्या दुकानाचे भाव लावले. झबल्याला अडली, मग वापरलेलं होतं म्हणून कमी धरलं. खाली रेघ मारली. ‘सातशे चाळीस.’

‘कसे फेडणार?’

‘पैसे नाहीत.’

‘पैसे मी कुठे मागितले?’

बराच वेळ गेला. बाळ प्यायला लागलं होतं, तिने त्याला दुसरीकडे घेतलं. ‘मला फॉर्म भरता येतात,’ ती म्हणाली. ‘दहावी झालीये माझी. मातृवंदनाचा फॉर्म माझा मीच भरला. गल्लीतल्या दोघींचा पण. त्या दिवशी इथं बसले होते ना मी, अर्ध्या बायकांना माहीतच नव्हतं पैसे मिळतात ते.’

आवाज पहिल्यांदाच बदलला. रांगेत मान खाली घालून बसलेल्या या मुलीला आजूबाजूच्या प्रत्येकीला काय हवंय ते दिसत होतं, आणि आम्ही सगळे तिला फक्त पिशवी देत होतो. मदत करणाऱ्यांच्या हातून होतं ते हेच: आपण समोरच्याकडून देण्याची संधी काढून घेतो आणि वर त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवतो.

पुढच्या वाटपाला ती टेबलाच्या या बाजूला बसली. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत पाच हजार रुपये, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार, आधार आणि बँकेचं खातं लागतं, हे ती माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगते. निघताना तिने आपली पिशवी उचलली. कोणी ‘घे’ म्हणायच्या आधीच.

रजिस्टरमध्ये आता दोन रकाने आहेत, ‘घेतलं’ आणि ‘दिलं’. कल्पना माझी, हे सांगायला मला आवडतं. स्वयंसेविकांना ती रुचली नव्हती. एक ज्येष्ठ बाई तर शास्त्रवचन घेऊनच उभ्या राहिल्या: उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, आणि तुम्ही हिशेब मागता? मी म्हटलं, ते वचन देणाऱ्याने आपली फुशारकी मारू नये म्हणून आहे. घेणारीने आपलं देणं लपवावं असं त्यात कुठे म्हटलंय? पण त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. ‘दिलं’ची सक्ती झाली असती तर आम्हीच आत्या झालो असतो. म्हणून तो रकाना प्रत्येकीने स्वतः भरायचा, रिकामा ठेवला तरी कोणी विचारायचं नाही. त्यात काय काय येतं! ‘शेजारच्या बाळंतिणीला लसीला नेलं.’ ‘सिस्टरच्या मोबाईलमध्ये मराठी टाकून दिलं.’ ‘या महिन्यात काही नाही.’

बाळाचं म्हणाल तर डबा एकदम सुटला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी पाण्याचं प्रमाण नीट केलं, मग अंगावर पाजण्याच्या वेळा वाढवल्या; बाळ जितकं ओढतं तितकं दूध येतं, हे तिला स्वतः अनुभवल्यावर पटलं. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, दिवसाला सहा-सात वेळा लघवी होते का आणि वजन चढतंय का ते बघा. वजन चढलं. सासूबाई हॉलमध्ये अजून येत नाहीत. डाळ शिजल्यावर मात्र ती कुठली हे विचारत नाहीत.

ज्यांच्या मनात हाच प्रश्न आहे, त्या आयांना माझं सांगणं: आधी जे हक्काचं आहे ते घ्या. अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार गरोदर आणि पाजणाऱ्या आईसाठी असतो, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो तुमचा अधिकार आहे. लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत आहेत. त्यात कोणाचे उपकार नाहीत. चर्च, मंदिर, दर्गा, मंडळ, कुठलीही मदत याच्या वरची. आणि बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस नुसतं रडू येत असेल, बाळाला किंवा स्वतःला काही करावंसं वाटत असेल, तर तो मिंधेपणाचा प्रश्न नाही, आजार आहे. डॉक्टरांकडे जा किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फुकट बोला.

मदत करणाऱ्यांनी सामान देताना फोटो काढू नयेत. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर पिशव्यांचा काढा, बाईचा नको. प्रार्थना करायची तर वाटप संपल्यावर, ज्यांना थांबायचंय त्यांच्यासोबत. आणि ‘तुम्हाला काय हवं’च्या आधी ‘तुम्हाला काय येतं’ विचारून बघा.

आणि कागदावर सही करण्याआधी, बायांनो, तीन गोष्टी विचारा. हे नाव कुठे जाणार? मी पुढच्या महिन्यात आले नाही तर काय होईल? प्रार्थनेला बसले नाही तर सामान मिळेल का? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येत नाही. जिथे येतो तिथली पिशवी परत ठेवा आणि तुमच्या अंगणवाडीताईला गाठा.