पुण्याहून आलेले आई-बाबा, दोन मुलं आणि सहा दिवस: लास वेगासहून वाळवंटातली नॅशनल पार्क्स गाडीने जमतील का?

तुमचा बेत असा: जूनच्या पहिल्या आठवड्यात लास वेगासला उतरून गाडी घ्यायची. सोबत सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा, आईंचे गुडघे दुखरे, बाबांना मधुमेह. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. सहा दिवसांत झायन, ब्राइस, आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि शेवटी डेथ व्हॅली.

गाडी चालवून होईल, हो. पण आई-बाबांना पार्कांपेक्षा गाडीच्या काचा जास्त दिसतील. ही फेरी डेथ व्हॅली सोडूनच साधारण ११०० मैलांची होते, म्हणजे पावणेदोन हजार किलोमीटरच्या वर. त्यातला ब्राइस ते मोआब (आर्चेस आणि कॅन्यनलँड्सजवळचं गाव) हा एकच टप्पा साडेचार तासांचा आहे. तोही मुलांना एकदाही 'शू' झाली नाही तर. आय-७० महामार्गावर सलायना ते ग्रीन रिव्हर हे शंभराहून जास्त मैल पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, काहीच नाही. तिथे आजोबांची साखर उतरली तर हातात जे असेल तेवढंच.

आम्ही अ‍ॅरिझोनात बरीच वर्षं राहतो. भारतातून कोणी आलं की हा भाग दाखवायचा, असा आमच्या घरी शिरस्ताच पडलाय. सासू-सासरे, आई-बाबा, एकदा तर आत्याबाई आणि त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीसुद्धा. त्या जोरावर सांगते: मोआब सोडा. आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, तिन्ही. मला स्वतःला या सगळ्यात आर्चेस जास्त आवडतं, तरीही सोडा. सॉल्ट लेक सिटीहून मोआब चार तासांवर आहे, ती सहल ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन वेगळी करा. आणि डेथ व्हॅली तर जूनमध्ये नकोच. १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, जगातली सर्वोच्च नोंद म्हणून ती आजही सांगतात. जूनमध्ये दुपारी तिथे ४३-४४ अंश ही नेहमीची गोष्ट. नागपूरकरही कधीकधी ४५ अंशांत दिवस काढतात, मान्य. पण त्यांच्या डोक्यावर छप्पर असतं आणि कोपऱ्यावर रसवंती असते.

उरतं ते असं: झायनला दोन रात्री, ब्राइसला एक, पेज या वाटेवरच्या गावी एक, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर (साउथ रिम) एक, आणि सहाव्या दिवशी परत. शेवटचा साडेचार तासांचा परतीचा टप्पा सोडला तर कुठलाही प्रवास तीन तासांहून मोठा होत नाही. एखादा दिवस वाढवता आला तर तो ब्राइसला द्या, नवीन पार्क शोधू नका.

ठिकाणांपेक्षा महत्त्वाचं दिवसाचं वेळापत्रक. या प्रदेशात दुपार ही फिरायची वेळच नाही. पहाटे उठून सहा-साडेसहाला बाहेर पडा, अकराच्या आत मोटेलवर परत या. मुलं पोहण्याच्या तलावात, आजी-आजोबा एसीत आडवे, तुम्हीही एक डुलकी काढा. पुन्हा साडेपाचला बाहेर. जूनमध्ये युटाहमध्ये सूर्य मावळायला पावणेनऊ होतात, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांबलचक मिळते. 'इतके पैसे खर्चून आलो आणि दुपारी झोपायचं?' हा प्रश्न घरातलं कोणीतरी विचारणारच. आमच्याकडे दर वेळी सासरे विचारतात.

झायनचं एक बरं आहे. मुख्य दरीत उन्हाळ्यात खाजगी गाड्यांना बंदी असते, पार्कची मोफत बस असते. बसमधूनच दोन्ही बाजूंचे कडे दिसतात, वाटेल त्या थांब्यावर उतरायचं, वाटेल तेव्हा चढायचं. व्हिजिटर सेंटरचा वाहनतळ मात्र सकाळी आठ-नऊलाच भरतो, म्हणून स्प्रिंगडेल गावात राहा. मोटेल महाग आहेत, पण गावातूनही मोफत बस पार्कच्या दारापर्यंत नेते. शेवटच्या थांब्यापासून सुरू होणारी रिव्हरसाइड वॉक ही वाट जाऊन-येऊन दोन मैलांच्या आसपास आहे, फरसबंद, नदीच्या काठाने आणि बरीचशी सावलीतली. आईंना जमेल तेवढं चालू द्या, वाटेत बसायला जागा आहेत. एंजल्स लँडिंगचं नाव मुलांपुढे काढू नका. साखळ्या धरून चढायचा तो कडा आहे, २०२२ पासून त्याला परवाना लागतो, आणि पाच वर्षांच्या मुलाचं तिथे काही काम नाही.

झायनमधून ब्राइसला जाताना १९३० साली पूर्ण झालेला, मैलाहून जरा लांब असा बोगदा लागतो. तो ओलांडला की लगेच गाडीचा वेग कमी करा. तिथल्या दगडांवर तिरक्या रेघांचे थरावर थर दिसतात. ते वाळूच्या टेकड्यांचे ठसे आहेत. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथे अफाट वाळवंट होतं, वाऱ्याने वाळूच्या टेकड्या सरकत गेल्या आणि पुढे त्यांचाच दगड झाला. चेकरबोर्ड मेसा नावाच्या टेकाडापाशी थांबायला जागा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं, आणि बाबांना आपल्या काळ्या दगडाशी तुलना करायला विषय मिळतो.

ब्राइससाठी स्वेटर घ्या. 'वाळवंट' ऐकून कोणी गरम कपडे आणत नाही, पण ब्राइसचा कडा आठ ते नऊ हजार फुटांवर आहे आणि जूनमध्येही रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरतो. बाबांना रक्तदाबाचाही त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी या उंचीबद्दल बोलून घ्या, आणि पहिल्या संध्याकाळी तिथे चढ-उतार टाळा. त्याची गरजही नाही. सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट ही अर्ध्या मैलाची पक्की, जवळपास सपाट वाट आहे आणि सगळा देखावा तिथूनच दिसतो. खाली हजारो केशरी-गुलाबी सुळके उभे असतात, इंग्रजीत त्यांना हूडू म्हणतात. भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि वर्षातल्या निम्म्या रात्री हे चालू राहिल्यामुळे दगड फुटत-कोरत जातो. तिथल्या पाइयूट लोकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या मते ही फार जुन्या काळची माणसं, वाईट वागली म्हणून कायोटीने (कोल्ह्यासारखा प्राणी, त्यांच्या गोष्टींतला मायावी) त्यांचा दगड केला. ही गोष्ट माझ्या वडिलांनी ऐकली आणि लगेच माहुलीच्या किल्ल्याशेजारचे नवरा-नवरी-भटोबा सुळके काढले. तासभर मुलांना तेच सांगत बसले. पार्कच्या रेंजरपेक्षा त्यांचंच व्याख्यान जास्त रंगलं.

रात्री दहानंतर मुलांना दुलईत गुंडाळून बाहेर काढा. ब्राइसला अंधार खरा असतो. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजापासून अठरा अंशांवर दिसतो, इथे त्याच्या दुप्पट उंच, त्यामुळे आजोबा आधी चुकीच्या जागी शोधतील. सप्तर्षी, स्वाती, चित्रा, आणि आग्नेयेला लालसर ज्येष्ठा. ज्या आजीला इंग्रजी फलक वाचायचा कंटाळा येतो, तिला आकाशातली नक्षत्रं मात्र पाठ असतात.

पेजला येताना घड्याळाचा गोंधळ लक्षात ठेवा. वेगासहून युटाहमध्ये शिरताच एक तास जातो, अ‍ॅरिझोनात आलात की तो परत मिळतो, कारण अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्याच राज्यातला नाव्हाहो नेशनचा (नाव्हाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाचा) भाग करतो. फोन जवळच्या टॉवरप्रमाणे वेळ बदलत राहतो. अँटेलोप कॅन्यनची वेळ घेतली असेल तर टूरवाल्यांना 'पेजची वेळ ना?' असं विचारून घ्या. ही घळ नाव्हाहो वाटाड्याशिवाय बघता येत नाही. लोअर भागात उभ्या लोखंडी शिड्या आहेत, आईंना नको. अप्पर भाग त्या मानाने सोपा. ऑगस्ट १९९७ मध्ये लोअरमध्ये अचानक पुराचा लोंढा येऊन ११ पर्यटक गेले. पाऊस तिथे फारसा पडलाच नव्हता, मैलोन्‌मैल दूर पडला होता. जूनच्या सुरुवातीला हवा बहुधा कोरडी असते, तरी टूर रद्द झाली तर हुज्जत घालू नका. हॉर्सशू बेंडची (पेजजवळच्या, नदीच्या नालासारख्या वळणाची) वाट पक्की आहे, पण सावली शून्य. ती सूर्योदयानंतर लगेच.

आता आईंबद्दल, कारण हे कुठल्याही मार्गदर्शिकेत मी वाचलेलं नाही. आपल्या आया प्रवासात पाणी पीत नाहीत. 'मग जावं लागतं' हे कारण त्या सांगत नाहीत, 'तहान नाही गं' म्हणतात. या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, जागच्या जागी उडून जातो. त्यामुळे काही होतंय हे कळेपर्यंत डोकं दुखायला लागलेलं असतं. पार्कवाले माणशी दिवसाला चार लिटर पाणी सांगतात. आमच्या घरचा उपाय: सकाळीच दिवसभरातली स्वच्छतागृहं कुठे कुठे आहेत ते मोठ्याने वाचून दाखवायचं. व्हिजिटर सेंटर, अमुक पॉइंट, अमुक पेट्रोल पंप. जागा माहीत असली की त्या बिनधास्त पितात. काही ठिकाणी पाण्याची सोय नसलेले खड्ड्याचे संडास असतात (स्वच्छ असतात, घाबरू नका), तिथे स्वतःची पाण्याची बाटली आणि ओले टिश्यू लागतात. लिंबू, मीठ, साखर आणि इलेक्ट्रालच्या पुड्या गाडीत ठेवा. बाबा इन्सुलिन घेत असतील तर ते थंड पिशवीत आणि सतत सोबत. उभ्या गाडीत दहा मिनिटंसुद्धा नको.

खाण्याचं थोडक्यात: या गावांत शाकाहारी म्हणजे चीज पिझ्झा आणि बटाटा. दशम्या, ठेपले, चटण्या, मेतकूट घेऊन निघा. मायक्रोवेव्ह आणि फ्रिज असलेली खोलीच घ्या, छोटा राइस कुकर सोबत ठेवा. दोन दिवसांनी गरम भातावर तूप-मेतकूट पडलं की ज्येष्ठांचा उत्साह कसा परत येतो ते बघा. ग्रँड कॅन्यनला मुलांनी खारींना दाणे टाकू नयेत. त्या गोंडस दिसतात आणि कडकडून चावतात.

पेजहून ग्रँड कॅन्यनला जाताना कॅमेरॉनवरून डेझर्ट व्ह्यू या पूर्वेच्या दारानेच आत शिरा. गर्दी कमी असते आणि मेरी कोल्टरने १९३२ मध्ये उभारलेला दगडी टेहळणी मनोरा तिथेच आहे. तिथून खाली कोलोरॅडो नदी दिसते. दरीत उतरू नका. उतरताना कोणालाच काही वाटत नाही, ऊन आणि चढ परतताना एकदम भेटतात. त्याऐवजी संध्याकाळी यावापाई म्युझियमपासून ट्रेल ऑफ टाइम चाला. सपाट, फरसबंद वाट, प्रत्येक मीटरला पितळी खूण, आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. मुलांना सांगा, 'आज'पासून ६६ मीटर मोजा. त्या खुणेच्या काळात आपल्याकडे सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता. कड्याच्या सगळ्यात वरच्या थराचा दगड २७० मीटरवर, आणि दरीच्या तळाचे दगड पार पावणेदोन किलोमीटरवर. आपण ज्याला पुराणा म्हणतो तो सह्याद्री इथे शेंडेफळ निघतो. बाबांना तो हिशोब पटेपर्यंत वेळ लागतो, तेवढ्यात सूर्यास्त होतो.

पैशांचं एक बघून घ्या, कारण जुन्या ब्लॉगांवर चुकीचं सापडेल. २०२६ पासून वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला आणि बाहेरच्यांना २५० डॉलरला आहे. पास नसेल तर ठरावीक ११ पार्कांत सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला प्रवेश शुल्कावर आणखी १०० डॉलर पडतात. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही त्या यादीत आहेत. आई-बाबा पाहुणे आहेत, तेव्हा तुमच्या पासवर कोण कोण जाऊ शकतं ते नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर वाचूनच विकत घ्या. मोठं मूल चौथीत असेल तर त्याला मोफत पास मिळतो, तो ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. अँटेलोप कॅन्यन आणि हॉर्सशू बेंडला यातला कुठलाही पास चालत नाही.

गाडी मिनीव्हॅन घ्या. सहा माणसं आणि सामान एसयूव्हीत बसवायला गेलात तर तिसऱ्या रांगेत कोणीतरी गुडघे छातीशी घेऊन बसेल, आणि ते 'मला चालेल हो' म्हणणारी व्यक्ती कोण असेल हे तुम्हाला माहीत आहे. नकाशे फोनवर आधीच उतरवून घ्या, सिग्नल तासन्‌तास नसतो. खोल्या आजच बघा. जूनमध्ये स्प्रिंगडेल आणि ग्रँड कॅन्यनच्या खोल्या आधी संपतात. ब्राइसला नाही मिळाली तर ट्रॉपिक हे जवळचं छोटं गाव बघा.