पवनचक्क्या, सरकार आणि मुलीची ब्रांच

नमस्कार दादा,

मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, डिग्रीला 'रिन्यूएबल एनर्जी'च हवी म्हणते. आणि तुम्ही जतहून विचारता, 'सरकार बदललं की योजना गुंडाळतात, मग पोरीने काय करायचं?'

तुमची शंका रास्त आहे. पवनचक्क्यांचंच बघा. त्यात पैसा घालणाऱ्यांना पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा (यंत्राच्या किमतीतली घट) दाखवून कर वाचवता यायचा. 2012 मध्ये मनमोहन सिंग सरकारने ही सवलत थांबवली आणि देशातली नवी उभारणी वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली. 2014 मध्ये मोदी सरकारने ती परत दिली, 2017 पासून 40 टक्क्यांवर आणली. पण सौरऊर्जेचं बघा. 2010 मध्ये काँग्रेसच्या सरकारने 2022 पर्यंत 20,000 मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं, भाजपने 2015 मध्ये ते थेट पाचपट केलं. (वेळेत गाठलं नाही, ते सोडा.) म्हणजे दिशेवरून भांडण नाही. वर-खाली होते ती सवलत.

म्हणून मी म्हणेन, डिग्री साध्या इलेक्ट्रिकलचीच घ्या. महावितरण-महापारेषणच्या जाहिरातीत 'इलेक्ट्रिकल' मागतात. नव्या नावाची डिग्री चालते की नाही, हे बघायला तिथे कुणाला वेळ नसतो. सौर, पवन हे विषय ऐच्छिक म्हणून घेता येतात. सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं तर उत्तमच.

आणि खरं काम पॅनेल बसवण्यात नाही, ते आयटीआयची मुलं झकास करतात. सौर वीज दुपारी भरपूर येते आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला गायब होते. तेव्हा कोयनेची जनित्रं काही मिनिटांत भार उचलतात, कोळशाच्या संचाला ते जमत नाही. हा रोजचा मेळ घालायला ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं), रिले (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण), बॅटरी, इन्व्हर्टर समजणारी माणसं लागतात. दिल्लीत कोणीही बसलं तरी लागतात. पॉवर सिस्टिम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या दोन विषयांत तिने हयगय करू नये.

ढालगाव बाजूला पवनचक्क्यांच्या देखभालीवर असलेल्या एखाद्या टेक्निशियनला तिला भेटवा. मनोऱ्याच्या आत शिडी असते, अंगावर सुरक्षा पट्टे (हार्नेस) बांधून तीवरून वर चढावं लागतं. तिला उंचीची भीती वाटत असेल तर आत्ताच कळलेलं बरं. मग सबस्टेशनकडे वळता येईल.