एफडी मोडू नका, आणि त्या पॉलिसीचा तिसरा हप्ता भरू नका

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. पुणे विद्यापीठात एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. प्रुफं तपासणं आणि भाषांतरं यातून महिन्याला १४ हजारांच्या आसपास मिळतात. नेटची, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची, तयारीही चालू आहे. एका प्रकाशकांना माझा कथासंग्रह आवडला आहे. ५०० प्रतींसाठी मी १ लाख १० हजार रुपये भरायचे. त्यात मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि मान्यवरांच्या हस्ते प्रकाशन आलं. आजीने माझ्यासाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी आहे. ती मोडू, की मोबाइल ॲपवरून कर्ज घेऊ? रॉयल्टी सुरू झाली की हप्ते फिटतील असं वाटतं. बाकी सुरक्षिततेची सोय बाबांनी केली आहे. निवृत्तीचे पैसे ठेवायला ते बँकेत गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी सुचवली म्हणून माझ्या नावे वर्षाला ७२ हजारांची पॉलिसी घेतली. १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १६ लाख हमखास. दुसरा हप्ता आईच्या बांगड्यांवर गोल्ड लोन काढून भरला, म्हणून तिकडची काळजी नाही. करार आणि पॉलिसीचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : पुस्तकाचं आधी सांगतो, कारण त्याला वेळ लागणार नाही. पैसे भरू नका. एफडीतून नको आणि कर्जातून तर मुळीच नको.

रॉयल्टीचा हिशेब करून पाहा. करारात किंमत २५० रुपये आणि रॉयल्टी दहा टक्के आहे, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. ५०० पैकी १५० प्रती तुम्हालाच मिळणार. उरलेल्या साडेतीनशेतल्या तीनशे विकल्या गेल्या, आणि नव्या लेखिकेच्या कथासंग्रहासाठी हा आकडा चांगला म्हणावा लागेल, तर तुमच्या हातात साडेसात हजार येतील. ॲपवाल्यांचा दर तुम्ही २८ टक्के लिहिला आहे. १ लाख १० हजारांवर तीन वर्षांसाठी हप्ता साडेचार हजारांचा बसतो आणि एकूण १ लाख ६४ हजार जातात. सगळी रॉयल्टी दोन हप्त्यांनाही पुरत नाही. तुमचं खोलीभाडं, मेस, अभ्यासिका आणि जाणं-येणं धरून साडेबारा हजार खर्च होतो. १४ हजारांतून साडेबारा गेले की उरतात दीड हजार. साडेचार हजार कुठून आणाल?

शिवाय हे पैसे नेमके कशाचे, हेही पाहा. आयएसबीएन आपल्या देशात राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यामुळे 'पॅकेज'मध्ये त्याला किंमत नाही. १६० पानांच्या साध्या बांधणीच्या पुस्तकाचा ५०० प्रतींचा दर एखाद्या मुद्रकाला तुम्ही स्वतः विचारा. प्रतीला ऐंशी-नव्वद रुपये धरले तरी चाळीस-पंचेचाळीस हजारांत छपाई होते. उरलेले पासष्ट-सत्तर हजार प्रकाशकांनी आधीच कमावले. पुस्तक विकलं गेलं काय आणि गोदामात राहिलं काय, त्यांना फरक पडणार नाही. जो प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, त्याला ते पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पोहोचवावंच लागतं. तुमच्या पैशांवर पुस्तक काढणाऱ्याला तशी गरज उरत नाही. त्यातून करारात सगळे हक्क 'कायमस्वरूपी' त्यांच्याकडे, असं कलम आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. म्हणजे इथे मुदत लिहून घेण्याने तुमचं नुकसान केलं आहे. सही करू नका.

तुमच्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत, हे मी वाचलं. तो रस्ता चालू ठेवा. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिची जाहिरात आली की हस्तलिखित तिथे द्या. स्वतःच्या खर्चाने पुस्तकं निवडून काढणारे प्रकाशक पुण्यात आजही आहेत. ते सहा महिने उत्तर देत नाहीत आणि नकारही देतात, पण तुमच्याकडे पैसे मागत नाहीत.

आता मुख्य विषयाकडे येतो. 'तिकडची काळजी नाही' असं तुम्ही लिहिलंत. पत्र वाचून मला काळजी वाटली ती नेमकी तिथलीच.

७२ हजार १२ वर्षं, म्हणजे ८ लाख ६४ हजार भरायचे आणि विसाव्या वर्षी १६ लाख मिळायचे. ऐकताना जवळजवळ दुप्पट वाटतं, आणि विकणारा नेमकं तेवढंच सांगतो. वर्षाचा परतावा काढला तर तो सव्वाचार टक्के येतो. हेच ७२ हजार बारा वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्यात, टाकले, आजचा ७.१ टक्के दर तसाच राहिला आणि खातं पंधरा वर्षांनंतर आणखी पाच वर्षं वाढवलं, तर विसाव्या वर्षी २४ लाख होतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, हे मान्य. तरी आठ लाखांची तफावत त्याने भरून निघणार नाही. आणि आईच्या बांगड्यांवरचं कर्ज बारा टक्क्यांचं आहे. बारा टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि सव्वाचार टक्क्यांनी ठेवायचे, असा व्यवहार तुमच्या घरात गेल्या नोव्हेंबरपासून चालू आहे.

बरं, विमा म्हणून तरी ती कामाची आहे का? विमा कमावत्या माणसाच्या मागे राहणाऱ्यांसाठी असतो. तुमच्या १४ हजारांवर आज घरातलं कोणी अवलंबून नाही. उद्या तुम्ही प्राध्यापक झालात, घर चालवायला लागलात, की साधा टर्म प्लॅन, म्हणजे परतावा न देणारा निव्वळ विमा, घ्या. तरुण वयात तो वर्षाला काही हजारांत येतो आणि या पॉलिसीच्या सात लाखांच्या विमा रकमेपेक्षा कितीतरी मोठं संरक्षण देतो. आज तुम्हाला दोन्हींची गरज नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट तुमच्या फोटोत दिसते आणि बहुधा तुम्ही ती वाचलेलीच नाही. प्रपोजल फॉर्मच्या दुसऱ्या पानावर तुमचा व्यवसाय 'नोकरी' आणि वार्षिक उत्पन्न ६ लाख लिहिलं आहे. खाली सही तुमची आहे. तुम्ही विद्यार्थिनी आहात, वर्षाचे पावणेदोन लाखही मिळत नाहीत. पहिली तीन वर्षं अशी चुकीची माहिती दाखवून विमा कंपनी दाव्यावर बोट ठेवू शकते. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात तशी तरतूद आहे. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी आईच्या हातातल्या बांगड्या गेल्या, ती सुरक्षितताही पक्की नाही. हा आकडा तुमच्या बाबांच्या डोक्यातून आलेला नाही. खऱ्या उत्पन्नावर ७२ हजारांचा हप्ता मंजूर होणं अवघड, म्हणून विकणाऱ्याने तो लिहिला असावा. निवृत्तीचे पैसे घेऊन एफडी करायला आलेल्या माणसाला, त्याच्या विद्यार्थिनी मुलीच्या नावाने, बारा वर्षांच्या हप्त्यात अडकवायचं! याचा मला राग येतो, आणि अशी पत्रं मला वारंवार येतात. बाबांना दोष देऊ नका. ज्या शाखेत वर्षानुवर्षं पगार जमा झाला, तिथल्या टेबलामागच्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला.

काय करायचं ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमाला महत्त्व आहे. नोव्हेंबरचा तिसरा हप्ता भरू नका. फोन येतील, 'आत्ता बंद केलीत तर सगळं बुडेल' असं सांगतील. सगळं बुडणार नाही. तुमची पॉलिसी नोव्हेंबर २०२४ ची आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरला असेल तरी सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडल्यावर, रक्कम मिळते. किती, ते कंपनीकडून लेखी मागा. माझा अंदाज भरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ७० हजार.

मात्र लगेच सरेंडर करू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा : उत्पन्न आणि व्यवसाय खोटा लिहिला, मुदत ठेव मागितली असताना पॉलिसी दिली, आमचे १ लाख ४४ हजार परत करा. सोबत विद्यापीठाचं बोनाफाइड आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. त्या वेळचे त्या साहेबांचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर तेही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तुम्ही मराठीच्या विद्यार्थिनी आहात, दोन पानांत मुद्देसूद तक्रार तुम्ही अनेकांपेक्षा चांगली लिहाल. पण पूर्ण पैसे येतील असं धरून काहीही ठरवू नका. सही तुमची आहे आणि कंपनी ती दाखवणार.

लोकपालांकडेही काही झालं नाही, तर सरेंडर करा. 'आता भरलेच आहेत तर पुढेही भरू' हा विचार मनात येईल, म्हणून तोही हिशेब देतो. परत मिळालेले ७० हजार आणि उरलेले दहा हप्ते पीपीएफमध्ये गेले, तर अठरा वर्षांनी २१ लाखांच्या जवळ पोहोचतात. पॉलिसी चालू ठेवली तर १६ लाख. सत्तर-पंच्याहत्तर हजारांचा तोटा सोसूनसुद्धा बाहेर पडणं पाच लाखांनी फायद्याचं आहे. खरं तर तुमच्या घराला आज वर्षाला ७२ हजार वीस वर्षांसाठी बाजूला ठेवणं परवडतच नाही. परवडत असतं तर बांगड्या गहाण पडल्या नसत्या. जे पैसे परत येतील त्यातून पहिल्यांदा ते कर्ज फेडा आणि बांगड्या सोडवून आणा. थोडे कमी पडले तर तेवढे एफडीतून घ्या. या कारणासाठी एफडीला हात लावायला माझी हरकत नाही.

दुसरं, बाबा निवृत्त झाले तेव्हा कंपनीचा मेडिक्लेम संपला. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नवा घेतलेला नाही. बाबा ६१, आई ५६. तुमच्या घरातली खरी उघडी बाजू ही आहे. दोघांपैकी कोणाला दौंडहून पुण्यात आणून हृदयाचं एक ऑपरेशन करावं लागलं, तर निवृत्तीच्या पैशांतले चार-पाच लाख एका आठवड्यात जातील. दोघांसाठी पाच लाखांचा मेडिक्लेम या वयात वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास मिळू शकेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. फॉर्मवर बाबांची साखर, आईचं ब्लडप्रेशर, जे असेल ते खरं लिहा आणि या वेळी फॉर्म स्वतः भरा. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते, म्हणून उशीर करू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार एकसारखे आहेत का, तेही पाहून ठेवा. ती योजना ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या रुग्णालयांतच चालते, पण मोफत आहे.

आता आजीची एफडी. तुमचा खर्च महिन्याला साडेबारा हजार, म्हणजे दीड लाखांत बरोबर एक वर्ष जातं. तुम्ही लिहिलंय की प्रुफांमुळे जयकर ग्रंथालयात बसायला वेळ मिळत नाही आणि नेट दोनदा थोड्या गुणांनी हुकली. जेआरएफ, म्हणजे नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार मिळतात, पुढे ४२ हजार. वर्षाला साडेचार लाखांच्या घरात. तुमच्या कथासंग्रहाची कुठलीही आवृत्ती एवढं देणार नाही, आणि संशोधन करताना लिहायला वेळही राहील. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुमच्याकडे अवधी आहे. मी तुमच्या जागी असतो तर एम. ए. संपल्यावर सहा महिने काम निम्मं केलं असतं आणि महिन्याला सहा-सात हजार एफडीतून घेतले असते. सहा महिन्यांत चाळीस हजार लागतील. उरलेले एक लाख अडीअडचणीसाठी तसेच राहतील. तासिका तत्त्वावरच्या नोकरीची आशा धरून मात्र खर्चाचं गणित मांडू नका. ते मानधन महिनोन्‌महिने थकतं, हे तुमच्या विभागातल्या सीनियर्सनी तुम्हाला सांगितलं असेलच.

एक बारीक गोष्ट राहिली. भाषांतराच्या एजन्सीने वर्षात ९० हजार दिले आणि त्यातून दहा टक्के टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापला, असं तुम्ही लिहिता. तुमचं उत्पन्न करपात्र नाही, म्हणजे हे ९ हजार तुमचे आहेत. पण रिटर्न भरल्याशिवाय ते मिळत नाहीत आणि तुम्ही दोन वर्षं भरलेलं नाही. मार्चमध्ये संपलेल्या वर्षाचं रिटर्न उशिरा म्हणून ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. त्याच्या आधीच्या वर्षाची मुदत गेली. हे काम या आठवड्यात करा, आणि शनिवारी दौंडला जाऊन पॉलिसीची मूळ फाइल बाबांकडून घेऊन या. तक्रारीला ती लागेल.