फोनवर लिहिलेलं 'दोन'

"ताई, त्या फोनवरच्या फॉर्ममध्ये दुखणं जास्त लिहिलं की डॉक्टर गोळ्या वाढवतात, नाहीतर पुण्याला बोलावतात. थोडं कमी लिहिलं तर काय बिघडतं?"

आमवाताचे (सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे) रुग्ण मला हे नेहमी विचारतात. अशा वेळी मी चिपळूणकडच्या एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

काकू पन्नाशीच्या. कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे पुण्यात यायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस, सोबत मुलाची रजा. म्हणून दर महिन्याला फोनवर फॉर्म भरायचा, रक्ताचा रिपोर्ट गावातल्या लॅबमधून पाठवायचा आणि गरज पडली तरच यायचं, असं ठरलं होतं. 25 मार्च 2020 ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोनवरून किंवा व्हिडिओवरून रुग्ण बघण्याच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून अशा भेटींना रीतसर आधार आहे.

फॉर्म साधा असतो. रोजच्या दहा कामांचे प्रश्न (कपडे घालणं, भरलेला पेला तोंडापर्यंत नेणं, नळ फिरवणं), मग गेल्या आठवड्यातलं दुखणं शून्य ते दहा, आणि एकूण कसं वाटतं तेही शून्य ते दहा. बेरीज 30 पैकी. 12 च्या वर गेली तर आजार जोरात आहे असं धरतात, 3 किंवा त्याहून कमी असेल तर शांत. आलेल्या फॉर्ममधून कोणाला आधी फोन करायचा, हे या बेरजेवर ठरतं.

काकूंचं दुखणं सलग चार महिने 'दोन'. कामांपुढे शून्यच शून्य. मीही ते पाहून खूश होते, हे कबूल करते. मग रक्तातला सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला आला आणि नर्स म्हणाली, "फॉर्म आणि रिपोर्टचा मेळ बसत नाही, जरा बोला त्यांच्याशी."

किती दुखतं, हे मी विचारलंच नाही. त्या प्रश्नाला आपल्याकडे "बरं आहे" हे एकच उत्तर असतं.

"काकू, सकाळचा चहा कोण करतं?"

"हल्ली सून करते."

"तुम्ही का नाही?"

"गॅसचं बटण फिरत नाही हो. नऊ वाजले की फिरतं."

"उठता किती वाजता?"

"सहाला."

म्हणजे तीन तास हात जखडलेले, आणि फॉर्मवर शून्य. तेवढ्यात मागून मुलाचा आवाज आला, "आई, मला का नाही सांगितलंस?" फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, काकू, फोन घेऊन जरा अंगणात जाता का?

अंगणात सगळं बाहेर आलं. स्मार्टफोन मुलाचा. तो रात्री नऊला घरी येणार, जेवताजेवता विचारणार, "आई, कपडे घालता येतात ना? शून्य लिहू?" समोर सून. तिच्यासमोर 'मला पिळे पिळता येत नाहीत' म्हणायचं कसं? शिवाय रात्री सांधे सैल झालेले असतात. प्रश्न आठवड्याचा, उत्तर त्या घटकेचं. मुलाचा दोष नाही, तो बिचारा मनापासून करत होता. आमचा होता. फॉर्म कोण भरतं, कुठे बसून भरतं, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

कमी लिहिल्याने बिघडतं ते हे. आमवातात सूज आतल्या आत हाड कुरतडत राहते आणि एकदा झिजलेलं हाड पूर्ववत होत नाही. लांबून बघणाऱ्या डॉक्टरला सुजलेला सांधा दाबून पाहता येत नाही. त्याच्याकडे तुमचे आकडे आणि रक्ताचा रिपोर्ट, एवढंच असतं.

काकूंना पुण्याला यावं लागलं, ते लपवत नाही. डॉक्टरांनी 28 सांधे एकेक दाबून मोजले. पण गोळ्या वाढल्या नाहीत! आठवड्यातून एकदा घ्यायची रविवारची मेथोट्रेक्सेट (आमवाताची गोळी) काकू मळमळते म्हणून अधूनमधून चुकवत होत्या. तेही कोणाला माहीत नव्हतं. तेच औषध इंजेक्शनने सुरू केलं. सुनेने टोचायला शिकून घेतलं, आणि माझ्या मते निम्मा संकोच तिथेच संपला.

फॉर्मची पद्धतही बदलली. आता नर्स काकूंच्या जुन्या बटणांच्या फोनवर सकाळी फोन करते, काकू अंगणात जाऊन उत्तरं देतात. घरात फोन एकच असेल तर तुम्हीही असं मागून घ्या. मागायला लाज कसली? फोनवरची भेट नको असेल, प्रत्यक्षच दाखवायचं असेल, तर तसं सांगायचा हक्कही टेलिमेडिसिनच्या त्या सूचनांनी रुग्णाला दिलेला आहे.

आणि काही गोष्टी फॉर्मवर लिहून वाट पाहण्याच्या नसतातच. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला. मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप लागली. डोळा लाल होऊन दुखू लागला. यातलं काहीही झालं, तर त्याच दिवशी फोन करा, नाहीतर जवळचा दवाखाना गाठा. फॉर्म उघडून कोण कधी बघेल, याचा भरवसा धरू नका.

तीन महिन्यांनी नर्सने काकूंना दुखण्याचा आकडा विचारला, तेव्हा मी शेजारीच होते.

"तीन," काकू म्हणाल्या. मग थांबून, "नको, साडेतीन लिहा. काल नारळ खोवायला बसले होते, अर्धा त्याचा."