वाचकांचे प्रश्न : पेटीतला कातळ

प्रश्न : आमच्या चाळीच्या पुनर्विकासासाठी बोअर घेतले. अहवालात एका टप्प्याला ‘कोअर रिकव्हरी ८५ टक्के, आरक्यूडी २० टक्के’ असं लिहिलंय. कातळ चांगला की वाईट? (एक वाचक, शिवडी)

उत्तर : दोन्ही आकडे एकाच कोअरचे, म्हणजे बोअरमधून निघालेल्या कातळाच्या दंडगोलाचे, मोजणी मात्र वेगळी. बॅरल (कातळ कापून आत धरणारी नळी) १५० सेंमी खाली गेला आणि १२७.५ सेंमी कातळ वर आला, की रिकव्हरी ८५. त्यातले १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकडे तेवढे घ्यायचे, लांबी मध्यरेषेवर मोजायची. त्यांची बेरीज ३० सेंमी भरली, तर आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेसिग्नेशन, म्हणजे कातळ किती अखंड आहे त्याचं माप) २०. पंचविसाच्या खाली कातळ ‘अतिशय निकृष्ट’ धरतात.

तरी निकाल लावण्याआधी कोअरची पेटी उघडायला सांगा. तुकड्यांचं तोंड तांबूस डागाळलेलं असेल, त्यावर माती किंवा पांढरं खनिज बसलं असेल, तर तो कातळातला मूळचा सांधा, म्हणजे भेग. तोंड ताजं, खरखरीत असेल आणि दोन तुकडे एकमेकांत चपखल बसत असतील, तर ती मशिनची मोडतोड. असे तुकडे जोडून एकच मोजायचे. घाईत हे जोडणं राहतं आणि आरक्यूडी विनाकारण कमी भरतो. सिंगल ट्यूब बॅरल वापरला की मऊ कातळ आतच घासून भुगा होतो, म्हणून आत वेगळी नळी असलेल्या डबल ट्यूबचा आग्रह धरा.

शिवडी-परळ पट्ट्यात बेसॉल्टबरोबर ब्रेशिया (टोकदार तुकडे जुळून झालेला खडक) आणि टफही (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) लागतात. टफ उन्हात वाळला, पुन्हा भिजला की पेटीतच फुटत जातो. म्हणून मोजणी आणि ओल्या कोअरचा फोटो त्याच दिवशी हवा. महिन्याभराने मोजलेल्या आरक्यूडीवर आम्ही तरी विसंबणार नाही.

आणखी एक फसगत : मुरुमात अडकलेला मोठा गोटा लागला की ‘कातळ लागला’ म्हणून बोअर थांबवतात. अखंड कातळात निदान तीन मीटर उतरल्याशिवाय बोअर बंद करू देऊ नका.

प्रश्न : हीच तपासणी सरकारी भूवैज्ञानिक करून देतील का?

उत्तर : सहसा नाही. राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय नागपूरला, त्यांचं काम खनिजांचं. पुण्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींची पातळी आणि भूजल बघते. इमारतीच्या पायासाठी भू-तांत्रिक सल्लागारच नेमावा लागतो.

१८५१पासून चालत आलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे ‘भूकोश’ संकेतस्थळावर जरूर बघा. पण त्या प्रमाणात ५० मीटरचा प्लॉट कागदावर एक मिलिमीटर होतो. शिवाय नकाशातला रंग खालच्या कातळाचा. त्यावर किती भराव आणि खाडीची चिकणमाती आहे, ते बोअरशिवाय कळत नाही.